'पुढे पाठवायला काय पैसे पडतात?'

प्रश्न : मी कोल्हापूरचा एक निवृत्त बँक कर्मचारी असून आमच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या संघटनेची ई-मेल यादी सांभाळतो. आमचे एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळे आजही 'साहेब'च म्हणतो, त्या यादीवर मदतीची आवाहने सतत पाठवत असतात. आधी एका कर्करोगग्रस्त मुलीची मेल आली. ती पुढे पाठवली की प्रत्येक वेळी एक कंपनी तिच्या उपचारांसाठी तीन रुपये देणार होती. मग समारंभातले उरलेले अन्न न्यायला १०९८ या क्रमांकावर फोन करा, असे सांगणारी मेल आली. त्यानंतर जवानांसाठी रोज एक रुपया भरण्याचे बँक खाते आले. त्या खात्यात एका सदस्याने पाठवलेले पैसे परत आले आणि तिथून शंका सुरू झाल्या. दुसऱ्या एका सदस्याने पुण्यातील एका बाळाच्या शस्त्रक्रियेसाठी मेलमधल्या यूपीआय पत्त्यावर ५,००० रुपये पाठवले, त्यांची पोचही नाही. साहेबांना विचारले तर ते म्हणतात, 'पुढे पाठवायला काय पैसे पडतात? शंभरातले एक खरे निघाले तरी पुण्यच आहे.' खरे-खोटे ओळखावे कसे, आणि साहेबांचा मान राखून हे थांबवावे कसे? (नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात साहेबांचा प्रश्न मोठा आणि ५,००० रुपयांचा उल्लेख ओझरता आहे, पण त्या पैशांचे काम थांबून राहण्यासारखे नाही, म्हणून आधी तेच घेऊ. मेलमध्ये पुण्यातल्या ज्या रुग्णालयाचे नाव असेल त्याच्या मुख्य दूरध्वनीवर आजच फोन करावा. हा क्रमांक रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा, मेलमध्ये दिलेला वापरू नये, कारण फसवणूक असेल तर तो क्रमांकही त्याच माणसाचा असणार. फोन लागल्यावर समाजसेवा विभागाकडे जोडून द्यायला सांगावे आणि या नावाचे बाळ दाखल आहे का, एवढेच विचारावे. रुग्णालय आजाराचा तपशील सांगणार नाही आणि त्याने तो सांगूही नये, परंतु त्याच्या नावाने पैसे गोळा होत आहेत हे कळल्यावर मूळ गोष्ट खरी आहे की नाही एवढे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. बाळ तिथे नसल्याचे कळले, तर आपल्या सदस्याने त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर फोन करावा, आपल्या बँकेला कळवावे आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले त्या बँकांना सूचना जाते आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर गोठवली जाते; ती काढून घेतली गेली की काम फार अवघड होते. दिवस उलटले आहेत म्हणून तक्रार करू नये असे मात्र नाही, कारण त्याच खात्याविरुद्धच्या तक्रारी एकत्र आल्यानेच पुष्कळदा तपास पुढे सरकतो. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक आणि मूळ मेल दोन्ही जपून ठेवावीत. मेल लाजेने पुसून टाकू नये, कारण ती कुठून निघाली याची तांत्रिक नोंद तिच्याच पोटात असते आणि ती नोंद पडद्याच्या छायाचित्रात येत नाही. आणखी एक : काही दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडे शुल्क भरा' असा फोन आला, तर तो पहिल्याच फसवणुकीचा दुसरा हप्ता समजावा.

आता आवाहनांकडे वळू. आपल्या पत्रातली चारही आवाहने एकाच माणसाकडून आली असली तरी ती एका जातीची नाहीत. पहिले मुळापासून खोटे आहे, दुसऱ्यात एक खरा क्रमांक भलत्याच कामाला जुंपला आहे, तिसरे अर्धे खरे आहे, आणि चौथ्याचे खरे-खोटेपण वर म्हटल्याप्रमाणे एका फोनने ठरणार आहे. साहेब या चौघांना एकाच तराजूत घालतात, आणि माझ्या मते त्यांची खरी चूक तिथे आहे. त्यांच्या दयाळूपणात काही चूक नाही.

मुलीची मेल घ्या. आपल्याकडून निघालेली ई-मेल आपल्या सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून समोरच्याच्या सर्व्हरवर जाते आणि तिथे तिचा प्रवास संपतो. समोरच्याने ती आणखी किती जणांकडे ढकलली, याची बेरीज जगात कुठेही होत नाही, कारण ई-मेलच्या रचनेत तशी सोयच नाही. जाहिरातीच्या मेलमध्ये कंपन्या एक अदृश्य चित्र दडवतात आणि मेल उघडली की त्यांना ते समजते, हे खरे आहे. पण त्यातून फार तर चित्र किती वेळा उघडले गेले एवढेच कळते, आणि मजकूर कुणी नव्या मेलमध्ये नुसता चिकटवून पाठवला की तो धागाही तुटतो. व्हॉट्सॲपवर तर २०१६ पासून संदेश दोन्ही टोकांना कूटबद्ध असतात, म्हणजे मधल्या कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. मग अमुक मुलीच्या नावाचे किती संदेश गेले हे मोजणार कोण आणि कुणाला कळवणार? तांत्रिक बाजू बाजूला ठेवली तरी आपण बँकेत हयात घालवली आहे : रकमेला मर्यादा नाही, मुदत नाही आणि देणाऱ्याची सही नाही, असे हमीपत्र कुणी आपल्या टेबलावर ठेवले असते तर आपण त्यावर कर्ज मंजूर केले असते का?

या मेलची वंशावळही माहीत आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत जेसिका मायडेक नावाच्या सात वर्षांच्या मुलीची मेल फिरू लागली. तिला मेंदूचा कर्करोग आहे, तिची ही शेवटची इच्छा आहे आणि मेल जितक्या नव्या लोकांकडे जाईल तितक्यांसाठी अमेरिकन कॅन्सर सोसायटी व काही कंपन्या प्रत्येकी तीन सेंट देतील, असा तिचा मजकूर होता. अशी कोणी मुलगी नव्हती, आणि सोसायटीला आपला या मेलशी काहीही संबंध नसल्याचे जाहीर करावे लागले. त्याच वर्षी बिल गेट्स यांच्या नावाची मेल आली. तिच्यात मेलचा माग काढणाऱ्या नव्या प्रणालीची चाचणी चालू आहे आणि मेल पुढे पाठवणाऱ्याला पैसे मिळतील, असे आमिष होते. आपल्या यादीवर आलेली मेल या दोघींची नात म्हणायला हरकत नाही : सेंटचे रुपये झाले, सोसायटीच्या जागी कंपनी आली आणि मुलीचे नाव बदलले, पण 'तीन' हा आकडासुद्धा जागचा हलला नाही. आपल्या पिढीने संतोषी मातेची पोस्टकार्डे पाहिलेली आहेत. अमुक इतक्या जणांना पाठवली नाहीत तर घरावर संकट येईल, अशी त्यांची भाषा असे. भीती घालणाऱ्या त्या पत्राला सुशिक्षित माणूस हसून बाजूला ठेवू शकत असे. दया मागणारे ढकलपत्र बाजूला ठेवताना मात्र आपणच निर्दय ठरल्यासारखे वाटते, आणि म्हणून ते जास्त टिकते. अशा मेलमध्ये 'ज्याला हृदय नाही तोच ही मेल पुसून टाकेल' अशा अर्थाचे वाक्य हटकून असते. खऱ्या गरजूला असे वाक्य लिहायचे सुचत नाही.

साहेब म्हणतात त्याप्रमाणे शंभरातले एखादे खरे निघाले तर काय, याचेही उदाहरण उपलब्ध आहे आणि ते खोट्या मेलपेक्षा अधिक शिकवणारे आहे. १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले आणि सर्वाधिक शुभेच्छापत्रे मिळवण्याचा गिनीज विक्रम त्याच्या नावावर व्हावा म्हणून त्याच्यासाठी आवाहन करण्यात आले. ते आवाहन पूर्णपणे खरे होते. १९९० पर्यंत दीड कोटीहून अधिक पत्रे आली आणि विक्रम झाला. १९९१ मध्ये एका अमेरिकी उद्योगपतीच्या मदतीने अमेरिकेत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ती यशस्वी ठरली. गोष्ट इथे संपायला हवी होती, परंतु आवाहनात शेवटची तारीखच नव्हती, त्यामुळे ते फॅक्सवरून आणि मग ई-मेलवरून फिरतच राहिले. फिरता फिरता शुभेच्छापत्रांची व्हिजिटिंग कार्डे झाली, मुलाच्या नावाची वर्णाक्षरे बदलली, आणि मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या मेक-अ-विश या संस्थेचा काहीही संबंध नसताना तिचे नाव त्यात घुसले. मुलगा बरा होऊन मोठा झाला तरी पोत्यांनी टपाल येत राहिले, कुटुंबाने थांबण्याची विनंती केली तरी येत राहिले. गिनीजने ही विक्रमाची वर्गवारीच बंद केली, आणि मेक-अ-विशला 'हे आवाहन आमचे नाही' हे वर्षानुवर्षे लोकांना सांगत बसावे लागले. पाठवणाऱ्या प्रत्येकाला मात्र आपण पुण्य केले असेच वाटत होते.

यावरून आवाहन पारखण्याची जी कसोटी मिळते, ती मला 'भाषा अशुद्ध आहे का' किंवा 'उद्गारचिन्हे फार आहेत का' यांसारख्या नेहमीच्या खुणांपेक्षा अधिक भरवशाची वाटते. खुणा फसव्या असतात : खऱ्या बापाने घाईघाईत लिहिलेले आवाहन अशुद्ध असू शकते आणि ठगाचे आवाहन आता निर्दोष मराठीत असू शकते. पाहायचे ते एवढे, की या आवाहनाला विचारणा करता येते का? तारीख आहे का, गाव आहे का, किती रक्कम हवी होती आणि किती जमली हे सांगणारे कोणी आहे का, आणि गरज संपली की आवाहन संपल्याचे कुणाकडून कळेल? ज्या आवाहनात यातले काहीच नाही त्याची खातरजमा करता येत नाही, ही गोष्ट साहेबही मान्य करतील. पण ज्याची खातरजमा करता येत नाही त्याला मदतही करता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. समजा ती मुलगी खरोखर आहे. आपल्या यादीवरच्या एखाद्याला तिच्यासाठी दहा हजार रुपये द्यावेसे वाटले, तर त्याने ते नेऊन द्यायचे कुणाला? मेलमध्ये पत्ता नाही. म्हणजे ती पुढे पाठवल्याने खऱ्या मुलीचेही काही भले होत नाही, मग शंभरातले एक खरे असण्याचा उपयोग काय?

१०९८ च्या बाबतीत तर 'पैसे पडत नाहीत' हे म्हणणेच चुकीचे आहे, कारण पैसे पडले नाहीत तरी किंमत पडते आणि ती लहान मुले मोजतात. हा क्रमांक संकटात सापडलेल्या मुलांसाठी आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून 'चाइल्डलाइन' सुरू झाली, पुढे ती देशभर पसरली, आणि आता ही सेवा सरकारच्या महिला व बालविकास यंत्रणेमार्फत चालते. घरातून पळालेले, मारहाण होत असलेले, कामाला जुंपलेले, बालविवाहाच्या उंबरठ्यावर असलेले मूल, किंवा असे मूल पाहणारा शेजारी, यांनी तो फिरवायचा असतो. उरलेले अन्न गोळा करणे हे तिचे काम कधीच नव्हते, आणि तसे चाइल्डलाइनने वारंवार जाहीर केले. तरीही लग्नसराई आली की हा संदेश पुन्हा उगवतो. मंगल कार्यालयातून रात्री साडेदहाला 'पन्नास माणसांचा मसालेभात उरला आहे, गाडी पाठवा' असा फोन जातो तेव्हा तेवढा वेळ ती वाहिनी अडकलेली असते. मसालेभात उरतो हा प्रश्न खोटा नाही, आणि त्यावर काम करणारे लोकही आहेत : मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली रोटी बँक आहे, आणि अनेक शहरांत रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक आहेत. आपल्या गावात कोण अन्न नेते, किती वाजेपर्यंत नेते आणि किती माणसांचे असेल तर नेते, ही चौकशी कार्याच्या आधी चार दिवस करून ठेवायची असते; शिजलेले अन्न रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी दान करणे हे दान नव्हे.

याच जातीचा एक संदेश आपल्या यादीवर अजून आला नसेल तर लवकरच येईल, म्हणून सांगून ठेवतो : अपघातात एका दांपत्याचा मृत्यू झाला असून चार मूत्रपिंडे उपलब्ध आहेत, रक्तगट अमुक, गरजूंनी तमुक डॉक्टरांना फोन करावा. आपल्याकडे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे मृताचे अवयव कुणाला द्यायचे हे नोंदणीकृत प्रतीक्षायादीवरून ठरते, आणि महाराष्ट्रात ते काम मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत चालते. काढलेले मूत्रपिंड साधारण एक-दीड दिवसापलीकडे टिकत नाही, आणि हा संदेश तर वर्षानुवर्षे फिरतो आहे.

जवानांच्या खात्याचे प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण त्यावर शंका घेतली की देशप्रेमावरच शंका घेतल्यासारखे होते आणि म्हणून भलेभले गप्प बसतात. हा संदेश सुमारे २०१६ पासून फिरत आहे. मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आहे, अभिनेते अक्षयकुमार यांनी सुचवले आहे, प्रत्येकाने रोज एक रुपया भरला तर रोज शंभर कोटी जमतील आणि त्यातून सैन्यासाठी शस्त्रेही घेता येतील, असा त्याचा आशय. सैन्याचा हताहतांसाठीचा कल्याण निधी खरोखर होता, त्याचे बँक खातेही होते, म्हणूनच मी या संदेशाला अर्धा खरा म्हटले. पण कल्याण निधी हा जखमी जवानांसाठी आणि हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी असतो, शस्त्रखरेदी लोकांच्या एकेक रुपयातून होत नाही, ती अर्थसंकल्पातून होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर हाच संदेश पुन्हा उसळला तेव्हा संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की संदेश दिशाभूल करणारा आहे आणि त्यातील खात्याचा तपशील चुकीचा असल्याने ऑनलाइन देणग्या परत जात आहेत. आपल्या सदस्याचे पैसे का परत आले, याचे उत्तर बहुधा यातच आहे, आणि ते परत आले हे त्यांचे नशीब म्हणायचे. ज्यांना मनापासून द्यायचे आहे त्यांच्यासाठी सरळ वाटा आहेत. युद्धात हताहत झालेल्यांसाठी सशस्त्र दलांचा कल्याण निधी आहे आणि त्याचे 'माँ भारती के सपूत' हे संकेतस्थळ संरक्षण मंत्रालयाने २०२२ मध्ये सुरू केले. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारख्या दलांतील हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी गृह मंत्रालयाचे 'भारत के वीर' २०१७ पासून आहे. आणि दरवर्षी ७ डिसेंबरला येणारा ध्वजदिन निधी तर आपण नोकरीत असताना कार्यालयात गोळा केलाच असेल. तो आजही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रीतसर पावती घेऊन भरता येतो.

पैसे थेट मागणाऱ्या आवाहनांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण त्यांतली बरीच खरी असतात. बाळाच्या शस्त्रक्रियेचे आवाहन खरे निघाले तर देणगी शक्यतो रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासह भरावी आणि पावती मागावी. व्यक्तीच्या नावावरील यूपीआय पत्त्यावर पाठवणे हा शेवटचा पर्याय समजावा, आणि तोही त्या व्यक्तीशी बोलल्यानंतरच. पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी घेणाऱ्याचे नाव पडद्यावर येते ते वाचण्याची सवय ठेवावी. मार्च २०२० मध्ये पंतप्रधानांचा पीएम केअर्स निधी जाहीर झाला, त्यानंतर काही दिवसांतच खऱ्या पत्त्यातले शेवटचे एक अक्षर गाळून तयार केलेले बनावट यूपीआय पत्ते फिरू लागले होते. घाईत वाचणाऱ्याला तो फरक दिसण्याची शक्यता जवळजवळ नसते. मेलमधले बाळाचे छायाचित्र गूगल लेन्सने शोधून पाहावे. तेच छायाचित्र वेगळ्या देशात वेगळ्या नावाने सापडले तर प्रश्न मिटतो. सापडले नाही म्हणून मात्र आवाहन खरे ठरत नाही.

आणि इथे आपल्यासारख्यांना पैशांहून मोलाची मदत करता येते, ती माहितीची. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. शिवाय महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे. हे सगळे आधी आजमावले आहे का, असा प्रश्न खऱ्या कुटुंबाला विचारला तर त्याला राग येत नाही. अनेकदा त्याला हे कुणी सांगितलेलेच नसते, आणि आपल्या संघटनेतले दोन जण कागदपत्रे घेऊन त्यांच्याबरोबर समाजसेवा विभागात गेले तर पाच हजारांहून अधिक काम होते. ठगाला मात्र हा प्रश्न नकोसा असतो आणि तो लगेच 'आता वेळ नाही' यावर येतो.

संस्थेच्या नावाने आवाहन असेल तर तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का, हे पाहावे. कोल्हापुरातही ते कार्यालय आहे. देणगीवर आयकरात सवलत (१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०जी) असल्याचा दावा असेल तर २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेला देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे भरून देणगीचे प्रमाणपत्र (त्या कायद्यात १०बीई) द्यावे लागते, म्हणून हे प्रमाणपत्र कधी मिळेल असे विचारावे. आपल्या सदस्यांपैकी कुणी मुलांकडे अमेरिकेत राहून तिथले नागरिक झाले असतील, तर त्यांची देणगी कायद्याने परदेशी देणगी ठरते आणि ती घेण्यासाठी संस्थेकडे वेगळी नोंदणी व स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते लागते. भारतीय पारपत्र असलेल्यांना हा नियम लागू नाही. आवाहन करणाऱ्याला हा प्रश्न विचारून पाहावा. खऱ्या संस्थेचा हिशेबनीस तो ऐकताच सावध होऊन नागरिकत्व विचारेल. 'कुठूनही पाठवा, चालते' असे उत्तर आले तर पाठवू नये. एवढे करूनही नोंदणी म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी सांगायला नको. परदेशातील एखाद्या मरणासन्न विधवेची कोट्यवधींची मालमत्ता आपल्या हातून दान व्हायची आहे, अशी मेल आली तर तिच्यावर एवढा विचारही करू नये. ती पुसून टाकावी.

राहिले साहेब. त्यांना यादीवर सर्वांसमोर उत्तर देऊ नये, ही पहिली गोष्ट. त्यांचे म्हणणे खोडले गेले असे चारशे डोळ्यांदेखत झाले तर ते आवाहने थांबवणार नाहीत, फक्त यादीऐवजी व्हॉट्सॲपवर पाठवू लागतील आणि तिथे आपले काही चालणार नाही. घरी जाऊन बोलावे, आणि बोलताना मुलीच्या मेलपासून सुरुवात न करता परत आलेल्या पैशांपासून करावी, कारण ते घडलेले आहे आणि त्यात वाद नाही. 'साहेब, आपल्या शब्दावर लोक खिशात हात घालतात, म्हणून आपल्याकडून जाणारे आवाहन आधी तपासून जावे अशी आमची इच्छा आहे' असे म्हटले तर ते खोटी स्तुती ठरणार नाही. नेमके त्यांच्या शब्दाला वजन असल्यामुळेच हा प्रश्न उभा राहिला आहे. यादीसाठी एक नियम त्यांच्याच संमतीने करावा : मदतीचे आवाहन तोच सदस्य पाठवील ज्याने संबंधित रुग्णालयाशी, संस्थेशी किंवा कुटुंबाशी स्वतः बोलून खात्री केली आहे, आणि मेलमध्ये तो कुणाशी कोणत्या तारखेला बोलला व आवाहन कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे, हे लिहील. साहेबांनाही तो लागू असावा. त्याचबरोबर सर्वांचे पत्ते उघडे ठेवून मेल पाठवण्याची पद्धत बंद करून गुप्त प्रतीची (बीसीसी) सोय वापरावी. ढकलपत्राच्या डोक्यावर साठत गेलेल्या शेकडो पत्त्यांची यादी ठगाच्या हाती आयती पडते, आणि ती निवृत्त, ठेवी असलेल्या, दयाळू माणसांची असेल तर तिची किंमत आपल्या ध्यानात येईलच.

नियम पुढच्यासाठी झाला. जी आवाहने गेली आहेत त्यांची दुरुस्तीही पाठवायला हवी, आणि शक्य झाल्यास ती साहेबांच्याच नावाने जावी. विषयाच्या ओळीत 'दुरुस्ती' हा शब्द असावा. जुनी मेल खाली जोडू नये, नाहीतर कुणीतरी वरचा मजकूर न वाचता खालचाच पुन्हा ढकलतो. अन्नाच्या मेलची दुरुस्ती दोन वाक्यांत होते : १०९८ हा क्रमांक संकटातील मुलांसाठी आहे, अन्नासाठी नाही, कार्यातील अन्नासाठी आपल्या गावात कोणाशी संपर्क करावा याची माहिती हवी असल्यास मला विचारावे. जवानांच्या खात्याबद्दल त्याच मेलमध्ये सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता द्यावा, म्हणजे ज्यांनी एक रुपया रोज बाजूला काढायला सुरुवात केली असेल त्यांना तो नेऊन भरता येईल. आणि ही दुरुस्ती आपल्या यादीपुरती ठेवू नये. साहेबांनी मूळ मेल मुलाला, भाच्याला, जुन्या शाखेतल्या मित्रांना ज्या ज्या पत्त्यांवर पाठवली असेल ते पत्ते त्यांच्या 'पाठवलेल्या' मेलमध्ये अजून आहेत, तेवढे त्यांच्या शेजारी बसून शोधून द्यावेत.